मोटार गप्प झाली

जळगावात त्या काळी मोटारी इतक्या थोड्या होत्या, की कोणाची मोटार कोणाच्या दारात उभी आहे यावरून कोणाचं कोणाशी पटतंय ते सगळ्या गावाला कळायचं. सत्तर साल अजून उजाडायचं होतं. स्टेशनापासून दाणाबाजारापर्यंत टांगे धावायचे, आणि समोरून मोटार आली की टांगेवाले घोड्याच्या डोळ्यांवरची झापडं नीट करायचे. जवरीलालशेठची मोटार आली की मात्र त्यांना घोड्याचे कान झाकावेसे वाटत.

कारण ती वाजायची. म्हणजे काय वाजायची हो! दारं खडखडायची, काचा थरथरायच्या, सीटच्या स्प्रिंगा कुरकुरायच्या, पुढच्या खणाचं झाकण टकाटका आपटायचं. आणि या सगळ्यांवर ताण म्हणून मागच्या डाव्या दारातून एक बारीक ‘कुईंऽऽ’ निघायची, ती थेट दाताच्या मुळाशी जायची. इंजिन तसं ठणठणीत होतं. भुसावळच्या एका रेल्वेच्या साहेबाकडून घेतलेली जुनी मोटार ती. तिने वाटेत कधी दगा दिला नाही. वाजायचं ते सगळं आतलं. एकदा तिचा हॉर्न बिघडला, तर शेठनी तो वर्षभर दुरुस्तच केला नाही. गरजच पडेना. गावाने तिचं नाव ‘झांज’ ठेवलं होतं.

जवरीलालशेठ कापसाचे व्यापारी. घरात मारवाडी बोलायचे, पेढीवर मराठी, आणि संताप आला की खान्देशी. माणूस दिलदार, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गावाने मोटारीला झांज म्हटलं, ते त्यांनी हसण्यावारी नेलं. थोरल्या भावाने तिची थट्टा केली, तिथे मात्र सगळं बिनसलं.

हे थोरले भाऊ म्हणजे धुळ्याचे नेमीचंदशेठ. जवरीलालशेठ त्यांना भाईजी म्हणत. दोघं भाऊ मूळचे पहूरचे. वडील गेले तेव्हा जवरीलाल एवढासा होता, आणि भाईजींना मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यांनी शाळा सोडली आणि वडिलांचं किराण्याचं दुकान धरलं. बाजाराच्या दिवशी गर्दीत हरवू नये म्हणून धाकट्याला खांद्यावर घेऊन फिरायचे, आणि वर बसलेला धाकटा त्यांच्या टोपीत शेंगांची टरफलं टाकायचा. त्याला शिकायला जळगावला ठेवलं ते भाईजींनी, पेढी काढून दिली ती भाईजींनी. ‘जवऱ्या’ म्हणायची मुभा या जगात फक्त त्यांना होती.

आणि त्यांच्याशी जवरीलालशेठ बोलत नव्हते. बोलत नव्हते ते चार वर्षांपासून, लेकीच्या, कुसुमलताच्या लग्नाआधीपासून.

झालं होतं असं. सोयरीक जमली म्हणून जवरीलालशेठ व्याह्यांना घेऊन मोटारीतून धुळ्याला निघाले होते. बरोबर भाईजीही होते. मोटार आपल्या नेहमीच्या तालात वाजत होती. भाईजी थट्टेखोर माणूस. ते व्याह्यांना म्हणाले, “व्याहीजी, लग्नाला बँड सांगू नका बरं का. नवरदेवाला या गाडीत बसवा आणि गावातून फिरवा. बँडचं सगळं काम होऊन जाईल.” व्याही हसले. व्याह्यांचा भाऊ तर असा हसला, की त्याला ठसका लागला. मुलीचा बाप पुढच्या सीटवर बसून लाल होत गेला. पारोळ्याच्या स्टँडवर त्याने मोटार थांबवायला लावली, आणि मागे न बघता म्हणाला, “ज्यांना आवाजाचा त्रास होतो त्यांनी एस.टी.नं यावं.”

एस.टी. काय कमी वाजते? पण भाईजी उतरले. टोपी सारखी केली आणि उतरून गेले. लग्नाला आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मांडवातलं पाणीसुद्धा न पिता परत गेले.

त्या दिवसापासून जवरीलालशेठच्या मनाने एक हट्ट धरला. चूक आपली आहे हे काय त्यांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कबूल केलं असतं. पण नुसतं जाऊन पायावर डोकं ठेवायचं म्हणजे नाक आड येई. ते बायकोला म्हणत, “जाईन. पण याच मोटारीतून जाईन. आधी तिचा एकूण एक आवाज काढीन, आणि भाईजींच्या तोंडून ऐकीन, की जवऱ्या, मोटार गप्प झाली. मग खुशाल पाय धरीन.”

बायको प्रेमकुंवर कमी बोलणारी, पण बोलली की बरोबर नेम धरून. त्या वर्षी पर्युषणाच्या तोंडावर धुळ्याहून आलेल्या एका पाहुण्याने सांगितलं, की भाईजी थकलेत, पेढीवर जात नाहीत, दिवसभर ओट्यावर बसून असतात. पाहुणा गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “संवत्सरीला तुम्ही मुंगीला खमावता, झाडाला खमावता. साऱ्या गावाला हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणता. एका सख्ख्या भावाला तेवढं म्हणायचं नाही. तुमचे स्क्रू घट्ट होईपर्यंत भाईजी थांबणार आहेत का?”

शेठना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांच्या जैन धर्मात संवत्सरीचा हा दिवस वर्षातून एकदाच येतो. दिवसभराचा उपास करायचा, वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याला खमावायचं, म्हणजे त्याची माफी मागायची, आणि मन मोकळं करायचं. त्या निमित्ताने राग सुटला नाही तर त्याची गाठ बसते, असं महाराज दरवर्षी सांगत. दरवर्षी शेठ मान डोलवत ऐकत आणि धुळ्याचं नाव मनात आलं की डोळे मिटून घेत. यंदा त्यांना भीती वाटली. भाईजी असेच ओट्यावर बसल्याबसल्या गेले तर? दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

ड्रायव्हर पितांबर फैजपूरकडचा. घरची केळीची बाग होती, पण याला लहानपणापासून स्टिअरिंगचं वेड. तो म्हणाला, “शेठजी, तुमी फक्त आवाज कुठून येते ते सांगा, मंग मी पाह्यतो त्याच्याकडे.”

मग काय विचारता! रोज संध्याकाळी मोटार मेहरूणच्या तलावाच्या रस्त्याला निघायची. पितांबर बैलगाडीच्या चालीने चालवायचा आणि शेठ मागच्या सीटवर आडवे होऊन दाराला कान लावायचे. पाय मावेनात म्हणून ते खिडकीतून बाहेर काढलेले. ते पाय बघून एक दिवस कोणीतरी पेढीवर धावत आलं, की शेठना काय झालं, दवाखान्यात नेतायत की काय! प्रेमकुंवरला पुढे बसवलेलं असायचं. तिचं काम खणाचं झाकण हाताने दाबून धरायचं, म्हणजे त्याचा आवाज बाकीच्यांत मिसळणार नाही. “मला माहेरी असताना कोणी सांगितलं असतं,” ती म्हणायची, “की सासरी जाऊन तू मोटारीचं झाकण धरून बसशील, तर मी दीक्षाच घेतली असती.”

पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तिघांनाही आवडत होत्या. तलावावर वारा असायचा, परतणाऱ्या गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या, आणि शेठ मधूनच ओरडायचे, “थांब, थांब! सापडला!” काचांच्या खाचांत पितांबरने जुन्या घोंगडीच्या पट्ट्या बसवल्या आणि मेणबत्ती घासली. स्प्रिंगांच्या मध्ये गोणपाट कोंबलं. डिकीतला जॅक लोळायचा, त्याला रजईच्या तुकड्यात गुंडाळून दोरीने बांधून टाकलं. झाकणाला औषधाच्या बाटलीच्या बुचाच्या चकत्या लावल्या. दारं उघडून आत कापूस भरला, आणि तो शेठनी स्वतः पेढीवरून निवडून आणला, लांब धाग्याचा. “मोटारीच्या पोटात घालायला कसला धागा बघताय?” प्रेमकुंवर म्हणाली. तर म्हणे, “भाईजींनी उघडून बघितलं तर?”

एक आवाज गेला की त्याच्याखाली दबलेला दुसरा वर यायचा. तो गेला की तिसरा. बरेचसे कमी झाले, पण पुरते गेले नाहीत, आणि मागच्या डाव्या दारातली ‘कुईंऽऽ’ तर जशीच्या तशी. तिला तेल पाजलं, ग्रीस चारलं, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. बया हटेना. संवत्सरी येऊन ठेपली. शेठ उपास धरून दिवसभर जैन स्थानकात बसले, पण ध्यान सारं त्या दारात. निघताना पितांबरला म्हणाले होते, “उद्या सकाळी पारणं झालं की धुळे. तुला काय करायचं ते कर, कसं केलंस ते मी विचारणार नाही.”

आणि दुसऱ्या दिवशी खरंच चमत्कार झाला. पारणं करून, स्वच्छ धोतर नेसून शेठ मोटारीत बसले, प्रेमकुंवर शेजारी बसली, पितांबरने मोटार सुरू केली, आणि काही नाही! नेहरू चौक आला, गेला. एकाही टांगेवाल्याने वळून बघितलं नाही. बांभोरीला गिरणेच्या पुलावर चाकं चढली तेव्हा शेठना खालच्या पाण्याचा आवाज ऐकू आला. या मोटारीत बसून आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिच्या बांगड्या किणकिणल्या, तेही ऐकू आलं.

“ऐकलंस?” ते कुजबुजले.

“काय?”

“काही नाही. तेच म्हणतोय मी. काही नाही!”

भादव्यातला रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी उंच झालेली, कपाशीला पिवळी फुलं. एरवी या गाडीत घसा ताणल्याशिवाय बोलता यायचं नाही, म्हणून कोणी विचारही करायचा नाही. आज शांतता होती, आणि शेठना पहूर आठवायला लागलं. दुकानातला गुळाचा वास. रात्री दुकान आवरून भाईजी झाडू मारायचे आणि धाकट्याला पोत्यांच्या थप्पीवर बसवून पाढे म्हणायला लावायचे. पाढा चुकला की झाडू थांबायचा. “परत,” भाईजी म्हणायचे, आणि मग पुन्हा झाडू चालू. स्वतःची शाळा सुटलेली, पण याचे पाढे चुकू द्यायचे नाहीत. असल्या माणसाला आपण पारोळ्याच्या स्टँडवर उतरवलं. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

एरंडोल मागे पडलं आणि पावसाची सर आली. काचा वर केल्या. थोड्या वेळाने शेठनी नाक वर करून हुंगलं. “पितांबर, वास कसला येतोय रे?”

पितांबर याच प्रश्नाची सकाळपासून वाट बघत होता. विचारणार नाही म्हणाले होते, पण आता विचारलंच! त्याची कळी खुलली. “तेच तं औषध आहे, शेठजी! चांभाराकडून मऊ चामड्याच्या पट्ट्या आनल्या. दिवसभर एरंडीच्या तेलात भिजोल्या, अन् पह्यले त्या डाव्या दारात ठोकल्या. कुईं गेली ना! मंग म्हनलं, बाकीच्यांले कायले ठेवा? चारी दारांत, सीटच्या खाली, खनात, सगयीकडे चामडंच लावलं.”

जवरीलालशेठ सीटवरून असे उठले, की डोकं छताला आपटलं. “थांबव! थांबव म्हणतो ना!”

मोटार रस्त्याच्या कडेला थांबली. शेठ भर पावसात खाली उतरले. कातड्याची चप्पल नको म्हणून कापडी जोडा घालणारा माणूस. मोटार घेतानासुद्धा सीट रेक्झिनची आहे याची दहादा खातरी करून घेतलेली. आणि आज, पारण्याच्या दिवशी, जीवमात्राची माफी मागून झाल्यावर, मेलेल्या जनावराच्या कातड्यावर बसून ते भावाकडे निघाले होते. संताप झाला, आणि तोंडातून खान्देशी बाहेर पडली.

“चामडं? मनी गाडीमा चामडं? अन् आज? बठ्ठा उपास वाया गया मना! अक्कल शे का तुले? उतर! आत्तेच्या आत्ते उतर!”

पितांबरचं तोंड उतरलं. त्याने सबंध रात्र जागून पट्ट्या ठोकल्या होत्या. “शेठजी, मले वाटलं चामडं फक्त स्थानकात चालत नाही,” तो हळूच म्हणाला. “माह्या पायात चप्पल चामड्याचीच आहे ना. त्याच पायानं मी तुमची मोटार चालवतो रोज. तुमी कधी काही म्हनले नाही.”

“तोंड वर करून बोलतोस? उतर म्हटलं ना!”

पितांबर उतरला. किल्ली त्याने सीटवर ठेवली.

आतून प्रेमकुंवरचा आवाज आला. मोठा नव्हता, पण मोटार बंद होती आणि सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. “गाडीत बसलेल्या माणसाला रस्त्यात उतरवायची सवयच लागली म्हणायची तुम्हाला. आता गाडी कोण चालवणार? मी?”

पावसाचं पाणी टोपीवरून नाकावर ओघळत होतं. रस्त्यावरून एक एस.टी. खडखडत गेली आणि तिच्यातली माणसं वाकून बघायला लागली, की हा धोतर नेसलेला शेठ चिखलात उभा राहून काय करतोय. शेठना एकदम स्वतःची लाज वाटली. इतकी लाज, की पळून जावंसं वाटलं. काल संध्याकाळी साऱ्या जीवांना खमावून आलो आणि सकाळी पहिलं माणूस समोर आलं त्याच्यावर खेकसलो. भाईजींचं चुकलं होतं असं मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी अजून वाटत होतं, तेही त्या क्षणी गेलं. भाईजींनी थट्टा केली होती. याने तर मायेनं पट्ट्या ठोकल्या होत्या. उतरवलं दोघांनाही.

ते पितांबरपुढे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात जोडले. गावभर पेढीपेढीवर जाऊन जो शब्द ते पानसुपारी वाटावी तसा वाटत आले होते, तो आता त्यांना पहिल्यांदा जड गेला.

“पितांबर,” ते म्हणाले, “मिच्छामि दुक्कडम्.”

“अवं, शेठजी!” पितांबर दोन पावलं मागे सरला. “असं काय करता तुमी? हात खाली करा पह्यले. मलेच ठाऊक नव्हतं.” आणि मग दोघंही काय करावं ते न कळून मोटारीकडे बघत राहिले.

सर ओसरली. पितांबरने पाना आणि पेचकस काढला. शेठनी टोपी प्रेमकुंवरकडे दिली आणि दाराला हात घातला. चामडं खिळ्यांनी पक्कं बसलेलं. ते उपटायचं तर घोंगडीच्या पट्ट्या फाटून आल्या. लांब धाग्याचा कापूस ओल्या मातीत पडला. बुचाच्या चकत्या सुटल्या, दोनचार स्क्रू चिखलात गेले ते सापडलेच नाहीत, आणि एका दाराची काच खाचेतून निसटून आत टेकली. सगळं चामडं निघालं तेव्हा पितांबरने ते गुंडाळून बांधावरच्या बाभळीला टांगलं. ज्याला लागेल तो शेतकरी नेईल.

पितांबर गाडीत बसला, मोटार सुरू केली आणि लगेच बंद केली. काही सांगायची गरज नव्हती. ती आधी वाजायची त्याच्या दुप्पट वाजत होती, आणि काचेचा एक नवीनच आवाज वर.

“परत जाऊ, शेठजी?” त्याने विचारलं. “घरी जाऊन नीट करू. मंग पुढच्या आठवड्यात जाऊ धुयाले.”

शेठनी बायकोकडे बघितलं. या खेपेला ती मुद्दामच खिडकीबाहेर बघत राहिली.

“धुळे,” शेठ म्हणाले. “असू दे. वाजू दे. भाईजी हसले तर हसू देत. सगळ्या गल्लीला बोलावून हसले तरी चालेल.”

पारोळ्याचा स्टँड गेला, मुकटी गेली, फागणे गेलं. बोलायचं काही उरलं नव्हतं, आणि बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. शेठ मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. भाईजी हसले तर काय म्हणायचं. भाईजींनी तोंड फिरवलं तर काय म्हणायचं. भाईजींनी ओट्यावरूनच ‘एस.टी. मिळाली नाही वाटतं’ असं म्हटलं तर काय म्हणायचं.

धुळ्यात गल्ल्यांना नावं नसतात, नंबर असतात. मोटार चार नंबरच्या गल्लीत शिरली आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. पोरं ओरडत मागे धावायला लागली. एक म्हातारी कानांवर हात ठेवून दारात आली. आणि समोर ओट्यावर भाईजी वर्तमानपत्र वाचत बसले होते. किती वाळले होते! मान पुढे आलेली, अंगरखा खांद्यांवर ढिला झालेला. मोटार वाजत वाजत त्यांच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. भाईजींनी मान वर केली नाही. पान उलटलं, आणि वाचत राहिले.

हसणं चाललं असतं, बोलणं चाललं असतं, पण हे? या आवाजाला सगळी गल्ली बाहेर येते आणि भाईजी मान वर करत नाहीत, म्हणजे त्यांना आपलं तोंडही बघायचं नाही. “उतरा,” प्रेमकुंवर म्हणाली. ते उतरेनात.

तेवढ्यात घरातून मोहनबाई आल्या, भाईजींच्या पत्नी. दिराला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मोटारीच्या खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, “आलात? बरं केलंत. पण असे बसू नका, त्यांच्या समोर जाऊन उभे राहा. त्यांना ऐकू येत नाही आता. दोन वर्षं झाली, काही म्हणजे काहीच नाही.”

“पाहुणे म्हणाले नाहीत काही,” शेठ म्हणाले.

“कसे म्हणतील? हे कोणाला कळू देतात होय! कबूलच करत नाहीत. म्हणतात, तुम्हीच सगळे हळू बोलायला लागलात.”

जवरीलालशेठ उतरले. ओट्यापुढे जाऊन त्यांनी हात जोडले. वर्तमानपत्रावर सावली पडली तसे भाईजींनी डोळे वर केले. बराच वेळ बघितलं. जुळवलेली सगळी वाक्यं शेठ विसरले होते. आठवला तो एकच शब्द, आणि तो त्यांनी म्हटला. भाईजींना तो ऐकू आला नाही. पण जोडलेले हात दिसले, आणि काल संवत्सरी झाली हे त्यांनाही ठाऊक होतं.

“जवऱ्या!” ते खूप मोठ्याने म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. “अरे, किती वाट बघायला लावलीस!” ते उठले, धाकट्याचे जोडलेले हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरले. “मिच्छामि दुक्कडम्. मीच तुला आधी म्हणायला हवं होतं. भरल्या गाडीत, व्याह्यांपुढे बोलायला नको होतं मी. मुलीच्या बापाला बोललो रे मी!” आणि मग त्यांचं लक्ष मोटारीकडे गेलं. भुवया वर गेल्या. “ही घेऊन आलास? हीच का ती? मग आवाज कसा नाही आला?”

पितांबरने शेठकडे बघितलं. शेठनी त्याच्याकडे. खिडक्यांतून डोकावणाऱ्या गल्लीने एकमेकांकडे बघितलं. कोणी हसलं नाही.

भाईजी ओट्यावरून उतरले. मोटारीभोवती फिरले, एक दार उघडून धाडकन लावलं. आतली काच खणखणली. भाईजी मान कलती करून, कापसाची गाठ पारखावी तसे ऐकत होते. दुसरं दार लावलं. “नाही,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “काही नाही! पहिल्या दिवसासारखी केलीस रे! जवऱ्या, मोटार गप्प झाली!”

जवरीलालशेठ चार वर्षं ज्या वाक्यासाठी झुरले होते ते वाक्य समोर आलं. त्यांनी नुसती मान हलवली.

“चल,” भाईजी म्हणाले, “मला पांझरेच्या काठापर्यंत फिरवून आण. मोहनबाई, माझी चांगली टोपी आण गं!”

दोघं भाऊ मागच्या सीटवर बसले, प्रेमकुंवर मोहनबाईंबरोबर घरात गेली. पितांबरने मोटार सुरू केली. दारं खडखडायला लागली, काचा थरथरल्या, स्प्रिंगा कुरकुरल्या, मागच्या डाव्या दाराने सूर लावला. चार नंबरची गल्ली मागे पडली, बाजारातले लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले. भाईजींनी धाकट्याचा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि ते बोलत होते, हातवारे करत, हसत, मधेच डोळे पुसत. पहूरचं काहीतरी असावं, कारण एकदा त्यांनी टोपी काढून झटकून दाखवली. त्या खडखडाटात जवरीलालशेठना त्यातलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं, आणि ते भाईजींकडे बघत प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.